चार खिडक्यांचा पाहुणा

दिवाळीच्या अंकात किड्याची गोष्ट सांगायला बसलेला माणूस पाहून काही घरांतून नाके मुरडली जाणार, हे मला ठाऊक आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता अळीचे वर्णन कोणाला हवे? पण या सदराच्या जुन्या वाचकांना असल्या पाहुण्यांची सवय झालेली आहे. शिवाय आजचा पाहुणा काही ऐरागैरा नव्हे. आपल्या आजीच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात घडी घालून ठेवलेले एखादे टसरचे वस्त्र असेल, तर ते याच्याच घराण्याचे देणे. लग्नामुंजीत, पूजेअर्चेत आपण ते सोवळे म्हणून नेसलो, त्याचा मधासारखा रंग कौतुकाने पाहिला. पण हा धागा कातणारा कोण, तो राहतो कुठे, दिसतो कसा, याची चौकशी मात्र आपण कधी केली नाही.

राहतो तो आपल्या शेजारीच. मुंबईकर सुटी मिळाली की अलिबागला जातात, नागाव-रेवदंड्याला जातात, काशीद-मुरूडच्या वाळूत पाय बुडवून येतात. त्या किनाऱ्याच्या पाठीशी ज्या डोंगररांगा आहेत, त्यांतल्या ऐनाच्या झाडांवर त्याचा मुक्काम असतो. मुरूड आणि रोहे यांच्या मधले फणसाडचे अरण्य तर त्याच्या दृष्टीने राजवाडाच. एकेकाळी जंजिऱ्याच्या नबाबांचे हे शिकारीचे जंगल होते. १९८६ पासून ते अभयारण्य आहे.

आपली आणि त्याची गाठ पडते ती बहुधा जूनमध्ये. पहिला पाऊस पडून गेलेला असतो, हवेत मातीचा वास असतो, आणि ओटीवरच्या दिव्याखाली, भिंतीवर, तळहाताहून मोठे असे काहीतरी पंख पसरून बसलेले दिसते. मुले ओरडतात. घरातले कोणीतरी लगेच फोटो काढून चार ठिकाणी पाठवते, आणि "दुर्मिळ फुलपाखरू सापडले" अशी बातमी तासाभरात सर्वतोमुखी होते. वास्तविक ते दुर्मिळही नाही आणि फुलपाखरूही नाही. तो पतंग आहे, टसरचा पतंग. फुलपाखरांचा मान हल्ली पुष्कळ वाढला आहे. आपल्या महाराष्ट्राने २०१५ मध्ये एका देखण्या निळ्याकाळ्या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू म्हणून गादीवर बसवले. पतंगाला अजून कोणी साधी खुर्चीसुद्धा दिलेली नाही. रात्रपाळीच्या माणसाकडे जगाचे लक्ष कमीच जाते.

आता त्याला नीट न्याहाळा. पंख पूर्ण पसरले म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा सेंटिमीटरच्या आसपास भरतात. मादी थोडी अधिक मोठी. मादीचा रंग पिवळसर किंवा राखाडी, नराचा तांबूस, भाजलेल्या विटेसारखा. चारी पंखांवर मध्यभागी एकेक गोल डोळा असतो आणि खरी गंमत त्या डोळ्यात आहे. भोवती रंगीत कडी असतात, आणि मधला भाग चक्क पारदर्शक! तिथे खवलेच नसतात. नुसता पातळ पापुद्रा. म्हणजे पतंग भिंतीवर बसला असेल तर त्याच्या पंखातून तुम्हांला भिंतीचा रंग दिसेल. चार पंख, चार खिडक्या. नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखायचे तर रंगाच्या भानगडीत पडू नका, मिशा पाहा. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या, दोन्ही बाजूंनी दाते असलेल्या फणीसारख्या असतात. मादीच्या अरुंद. पोट मात्र मादीचे मोठे, कारण ते अंड्यांनी भरलेले.

पंखाला बोट लावले की भुकटी लागते. ती डोळ्यांत गेली तर माणूस आंधळा होतो, अशी एक समजूत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ती भुकटी म्हणजे पंखावरचे बारीक खवले. कौले काढली की घर जसे उघडे पडते, तसा खवले गेले की पंख उघडा पडतो. तोटा झालाच तर पतंगाचा होतो. हा चावेल काय, असे मुले विचारतात. कशाने चावणार? त्याला तोंडच नाही.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. या पतंगाचे मुखावयव इतके खुरटलेले असतात की त्याला काही खाता येत नाही आणि थेंबभर मधही चोखता येत नाही. कोशातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत त्याला कडकडीत उपवास. आयुष्य आठवडाभराचे, फार तर थोडे अधिक. एवढ्या दिवसांत त्याला एकच काम असते : जोडीदार शोधणे. शास्त्रज्ञांनी त्याचे बारसे केले तेव्हा त्यांना हे कितपत ठाऊक होते कोण जाणे, पण नावे मोठी समर्पक पडली आहेत. लिनीयसने १७५८ मध्ये या घराण्याला जे नाव दिले ते 'पॅफिया', म्हणजे सायप्रस बेटावरच्या पॅफॉसची प्रेमदेवता. पुढे दुसऱ्या एका पंडिताने 'मायलिटा' म्हटले; ती बाबिलोनची प्रेमदेवता. आपल्या पतंगाला अँथेरिया मायलिटा म्हणावे की अँथेरिया पॅफिया, यावर पंडितांचे वाद झाले आहेत. ते त्यांचे त्यांना लखलाभ. दोन्ही नावांचा मथितार्थ एकच!

हा शोध चालतो कसा तेही ऐकण्यासारखे आहे. पतंग कोशाबाहेर येतो तो संध्याकाळनंतर. आधी तो एक पाचक रस सोडून कोशाचे टोक मऊ करतो, मग डोक्याने धागे बाजूला सारत बाहेर पडतो. त्या वेळी त्याचे पंख भिजलेल्या कागदासारखे चोळामोळा झालेले असतात. तो फांदीला लटकून राहतो, अंगातला द्रव पंखांच्या शिरांत भरतो, आणि हळूहळू पंख ताठ होतात. मादी फारशी हिंडत नाही. कोशाजवळच बसून पोटाच्या टोकातून एक गंध हवेत सोडते. आपल्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण नराच्या त्या पिसासारख्या मिशा म्हणजे गंध गाळून घेणारी चाळणीच. वाऱ्यावर आलेला तो गंध धरून नर अंधारात मैदान-जंगल ओलांडत येतो. फ्रान्समध्ये फाब्र नावाचे एक थोर कीटकनिरीक्षक होऊन गेले. त्यांच्या घरात याच कुळातल्या एका मोठ्या पतंगाची मादी सकाळी कोशातून निघाली. त्यांनी तिला जाळीच्या टोपलीखाली ठेवले. रात्री पाहतात तो घरभर नर, चाळीसच्या आसपास! खिडक्या उघड्या होत्या एवढेच निमित्त. बोलावणे कोणी दिले नव्हते, निदान माणसांना ऐकू येईल असे.

मीलन झाल्यावर मादी दीडशे-दोनशे अंडी पानांवर, फांद्यांवर चिकटवते आणि तिचे काम संपते. आठ-दहा दिवसांत अळी बाहेर येते. त्या वेळी तिचे वजन सात-आठ मिलिग्रॅम. डोक्याचा ठिपका काळा, अंग पिवळट तपकिरी. आता इथून खाण्याचा जो सपाटा सुरू होतो त्याला तोड नाही. ऐन हे तिचे मुख्य पान. अर्जुनाचे, बोराचेही चालते. चार वेळा कात टाकत ती वाढते. पावसाळ्यात महिना-सव्वा महिन्यात पूर्ण वाढलेली अळी बोटभर लांब आणि अंगठ्याहून जाड होते; वजन चाळीस-पन्नास ग्रॅम, म्हणजे जन्माच्या वेळेच्या पाच हजार पटींहूनही अधिक. आपल्याकडचे सात पौंडांचे बाळ त्याच हिशेबाने वाढले तर त्याला ठेवायला गोदाम लागेल.

एवढी मोठी झाली तरी ती सहजी दिसायची नाही. रंग ऐनाच्या पानासारखा हिरवा, बाजूने एक फिकट पिवळी रेघ, आणि अंगावर इथेतिथे चांदीच्या वर्खासारखे चकाकणारे ठिपके. पानांवर पावसाचे थेंब चमकतात ना, तसे ते दिसतात. फांदीखाली उलटी लटकून ती चरत असते. खाली जमिनीवर पडलेल्या जाडसर लेंड्या दिसल्या तर मान वर करून पाहावे. अळी सापडण्याचा हाच एक खात्रीचा मार्ग आहे. सापडेल तेव्हा हेही ध्यानात ठेवावे की शंभरातल्या फारच थोड्या इथवर पोचतात. मुंग्या, गांधीलमाश्या, रस शोषणारे ढेकूण, पक्षी, सगळ्यांचा तिच्यावर डोळा. आणि एक उझी माशी म्हणून असते. ती अळीच्या अंगावर अंडे घालते, आणि त्यातला किडा जिवंत अळीच्या पोटात शिरून आतून तिला खात राहतो. निसर्ग दयाळू आहे म्हणणाऱ्यांनी ही माशी एकदा अवश्य पाहावी.

पावसाळा सरतो, आपल्याकडे दिवाळीची चाहूल लागते, आणि शेवटच्या पिढीच्या अळ्या खाणे थांबवून कोश विणू लागतात. आपण आकाशकंदिलाच्या काड्या बांधत असतो त्याच सुमारास तिकडे हेही बांधकाम चाललेले असते. त्यातली अक्कल पाहण्यासारखी आहे. रेशीम ओठाखालच्या एका बारीक नळीतून निघते आणि ओढले जाता जाता त्याचा धागा होतो. अळी आधी दोन-तीन पाने जवळ ओढून आडोसा करते. मग कोशाला हात न घालता ती फांदीकडे जाते आणि फांदीभोवती रेशमाचे घट्ट कडे गुंफते. त्या कड्यापासून एक चिवट देठ खाली आणते, आणि त्या देठाला लटकता कोश विणते. हा खटाटोप कशासाठी? तर ऐन हे पानगळीचे झाड. पानांच्या भरवशावर कोश राहिला तर उन्हाळ्यात पानाबरोबर तोही खाली पडायचा, आणि वणव्यात नाहीतर मुंगीच्या तोंडी जायचा. पाने सगळी झडतात. कोश मात्र उघड्या फांदीला जांभळासारखा लोंबत राहतो.

जांभळासारखा म्हटले, पण आकाराने तो कबुतराच्या अंड्याएवढा किंवा मोठाच. रंग पिवळट नाहीतर राखी. आतून अळी एक द्रव सोडते, त्याने कवच वाळून लाकडासारखे टणक होते. एकाच सलग धाग्याने हे सारे विणलेले असते, आणि तो धागा उलगडला तर सातशे ते हजार मीटर भरतो. 'टसर' हा शब्द 'त्रसर' म्हणजे विणकराचा धोटा यावरून आला, असे मानतात. डोके इकडून तिकडे हलवत विणणारी अळी पाहिली की ते पटते.

या टणक कोशाचा आपल्या पूर्वजांनी जो उपयोग केला तो वाचून मला मोठी मौज वाटली. कर्नल साइक्स नावाचे इंग्रज अधिकारी १८२०-च्या दशकात दख्खनची पाहणी करीत हिंडले. पुढे ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्षही झाले. पण माणूस पक्ष्याकिड्यांच्या नादाचा. त्यांनी या रेशीमकिड्यावर एक निबंध लिहिला आणि मराठी मुलखात ऐकलेले त्याचे नाव 'कोलिसुरा' असे टिपून घेतले. ते सांगतात, मराठे लोक याचे रेशीम काढीत नाहीत. कोश गोल गोल कापून त्याची लांब वादी करतात आणि तोड्याच्या बंदुकीची नळी दांड्याला बांधायला ती वापरतात. चामड्यापेक्षा ती अधिक टिकते म्हणून! ज्याचे पातळ करून नेसावे त्याने आम्ही बंदुका आवळल्या. पुढे १८७०-च्या दशकात मेजर कूसमेकर यांनी पुण्यास हे किडे पाळून रेशमाचा धंदा उभारण्याची खटपट केली. वर्षानुवर्षे केली, पण त्या धंद्याने इकडे मूळ धरले नाही.

मूळ धरले ते विदर्भात, म्हणजे तिथे ते आधीपासूनच होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत ढीवर समाजाची कुटुंबे ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडून पीक घेतात. तिकडे ऐनाला येन म्हणतात आणि टसरला कोसा. आरमोरीचे नाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. झाडाखाली दिवसरात्र राखण करावी लागते, गलोलीने पाखरे उडवावी लागतात. किड्याचे पीक म्हणजे शेवटी पीकच. आणि सलग धागा हवा असेल तर पतंग बाहेर पडण्याआधी कोश उकळावे लागतात, आतल्या जिवासकट. सोवळ्याच्या वस्त्रामागे एवढे सोवळेपण आहे. पतंग निघून गेलेल्या, भोक पडलेल्या कोशांपासूनही सूत निघते, त्याला घिचा म्हणतात; ते खरखरीत असते, पण मला स्वतःला तेच अधिक आवडते.

रायगडच्या किनाऱ्यावर कोशांची शेती नाही. इथला टसर आपला रानातला, स्वतःच्या हिकमतीवर जगणारा. नोव्हेंबर-डिसेंबरपासून जूनपर्यंत, सहा-सात महिने, तो कोशात स्वस्थ पडून असतो. वाढ थांबलेली, श्वास मंद. एका पावसाळ्यात अळीने जे खाल्ले त्या शिदोरीवर हे सारे महिने काढायचे, पंख बनवायचे, अंडी बनवायची, आणि वरून त्या अखेरच्या आठवड्याचे उडणेही त्यातूनच भागवायचे. नवी कमाई शून्य. मध्यमवर्गीय माणसाला पेन्शनीचा हा हिशेब समजावून सांगायला नको.

आता यात अडचणी दोन. पहिली जुनी आहे. कोकणातल्या भातशेतीत रोपे पेरण्याआधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी हिवाळ्यात ऐनाच्या फांद्या तोडून वाळवायच्या, उन्हाळ्यात वाफ्यावर पसरून पेटवायच्या. ज्या फांद्यांना कोश लटकले आहेत त्याच फांद्या, आणि त्याच महिन्यांत. फांदीबरोबर कोशही राबात जातो हे उघड आहे. पण याचे खापर शेतकऱ्यावर फोडायला मी तयार नाही. या राबाच्या हक्कावरून इंग्रजी अमलात जंगलखात्याशी एवढी तंटेबखेडी झाली की १८८०-च्या दशकात त्यावर कमिशन बसवावे लागले. राब शतकानुशतके चालला आणि टसरही टिकला. कारण झाड उभे राहत होते. फांदी पुन्हा फुटते. झाडच बुंध्यापासून गेले आणि तिथे कुंपण घालून हिरवळ लावली, की मग मात्र काही फुटत नाही.

दुसरी अडचण नवी, आणि ती आपण बरोबर घेऊन जातो. भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्याला नेणारी बोट २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून अलिबाग म्हणजे मुंबईचे अंगण झाले आहे. बंगले वाढले, आणि बंगल्यांबरोबर दिवे. फाटकावर दिवा, कंपाउंडला दिवे, नारळाच्या बुंध्याला खालून वर झोत टाकणारा दिवा. आमच्या एका स्नेह्यांची चौलजवळ वाडी आहे. तिथे राखण करणाऱ्या मामांना मी विचारले, "मामा, हे मोठे पतंग दर वर्षी येतात का हो?"

"येतात ना भाऊ. पहिला पाऊस झाला का येतात. रातभर दिव्याला धडका देतात आणि सकाळी तिथंच बसून राहतात. मग कावळे येतात. झाडताना मला नुसते पंख सापडतात."

दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगावर कवींनी पुष्कळ शाई खर्चली आहे. प्रेमाने वेडा होऊन तो जळतो म्हणे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्या काव्यावर पाणी ओतले. वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रांवरून दिसले ते असे की उडणारा कीटक आपली पाठ नेहमी उजेडाकडे ठेवतो. लाखो वर्षे रात्रीचा उजेड म्हणजे वरचे आकाश, त्यामुळे वर काय नि खाली काय हे त्याला अचूक कळे. जवळ दिवा लागला की तो दिव्याकडे पाठ करतो, तोल जातो, वळतो, पुन्हा वळतो, आणि घिरट्यांतून त्याला सुटता येत नाही. ज्याच्या गाठी जेमतेम पाच-सात रात्री आहेत आणि खायला काही नाही, त्याची एक रात्र दिव्याभोवती गेली म्हणजे आयुष्याचा केवढा हिस्सा गेला! तिकडे ऐनावर मादी गंध सोडीत बसलेलीच असते.

पणत्या लावायच्या की नाहीत, असे लगेच विचारू नका. दिवाळीत बहुतेक मंडळी अळीच्या किंवा कोशाच्या अवस्थेत असतात. खुशाल दीपोत्सव करा. जूनमधल्या त्या दोन-तीन आठवड्यांपुरते बोलतो आहे. जेवणे आटोपली की बाहेरचे दिवे मालवावेत. एखादा ठेवायचाच तर पिवळसर, मंद आणि वरून झाकलेला असावा. सकाळी भिंतीवर पतंग बसलेला दिसला तर त्याला साखरेचे पाणी पाजू नये, डबीत घालू नये. जाड कागदावर हलकेच घेऊन सावलीतल्या झाडावर, पानांच्या आत ठेवावा. अंधार पडला की तो आपला आपण जाईल.

आणि नाताळच्या सुटीत त्या बाजूला गेलात तर ऐनाचे झाड ओळखून ठेवा. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. चुकण्याची भीती नाही. उघड्या फांद्यांवर देठाने लटकणारा कोश दिसला तर मुलांना जवळून दाखवा, तोडू मात्र नका. देठाकडच्या टोकाला मोठे, धागे विस्कटलेले भोक असेल तर पतंग केव्हाच निघून गेला. तो कोश घरी आणायला हरकत नाही, वर्षानुवर्षे टिकतो. कुशीला बारीक वाटोळे भोक असेल तर आत परोपजीवी किड्याने आपला कार्यभाग उरकला असे समजावे. आणि भोक कुठेच नसेल, फांदी किंचित वाकली असेल, बोटाने उचलून पाहता कोश जड लागत असेल, तर आतला धनी घरात आहे. त्याला जूनपर्यंत उठवू नये.